कडुबाची बाटली

छत्रपती संभाजीनगर,
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

कडुबामामा यांना,

हसीना शेखचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही.

लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. वीस वर्षं आपण एका लॅबमध्ये काढली, तुम्ही अटेंडंट आणि मी शिकवणारी, पण तुम्हाला पत्र असं मी कधी लिहिलंच नाही. लिहिल्या त्या चिठ्ठ्या. 'मामा, बर्फ आणा.' 'मामा, दोन नंबरचा बर्नर गळतोय.' फोन दोनदा लावून पाहिला, तुम्ही उचलला नाही. अनोळखी नंबर म्हणून उचलला नसेल असं मी मनाशी म्हटलं आणि मग पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. काउंटरवरच्या मुलानं मला दोनदा विचारलं, "मॅडम, पत्रच पाठवायचंय ना?"

मुक्ताबाईंचे गुडघे कसे आहेत? सोयगावात पाऊस बरा झाला असं ऐकलं. इथं ढग येतात, बघून जातात. नळाचं पाणी अजून आठवड्यानंच येतं, त्यामुळे निदान त्या बाबतीत तुम्ही सोडून गेलात तेच शहर आहे. लॅबही तीच. धूर ओढणारा पंखा अजून धूर सोडून बाकी सगळं ओढतो. तुमच्या जागी दोन मुलं कंत्राटावर येऊन गेली, आता तिसरा आहे. तो चांगला आहे, पण त्याला बर्फ आणायला सांगितलं की तो विचारतो, किती. तुम्हाला कधी सांगावं लागलं नाही.

मी तीस सप्टेंबरला निवृत्त होतेय. एकतीस वर्षं झाली. निरोप समारंभाची समितीही नेमली आहे म्हणे. मला विचाराल तर आत्ताच घरी सोडलं तरी चालेल. सकाळी जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं, आणि वर गेल्यावर कशासाठी आले तेच आठवत नाही.

सध्या सेकंड इयरला हॅलोअल्केन चालू आहेत, एकतिसाव्यांदा. कार्बनला क्लोरीन, ब्रोमीन नाहीतर आयोडीन चिकटलेलं आहे, त्याला काढून तिथं दुसरं कुणी कसं बसतं, एवढीच ती गोष्ट. तीच मी वाक्यही न बदलता सांगते. आणि दर वर्षी मुलांचे चेहरे कोरे राहिले की मी तुमची एसटी काढते. आठवते? मागच्या बाकाशी परीक्षानळ्या विसळत तुम्ही माझी लेक्चरं ऐकायचा, आणि मी गेले की पोरांना म्हणायचा, "हे बघा, ही एसटी. शीट एकच. एका टायमाला काय व्हतं, बसलेला उठायच्या आतच दुसरा पाठीमागून घुसतो. ह्यो बसतो आन् तो उठतो, दोन्ही एकदमच. ते एसएन-टू. दुसऱ्या टायमाला बसलेला आपल्या मनानं उतरून जातो, शीट मोकळी पडती, मंग डावीकडून बसा का उजवीकडून. ते एसएन-वन. आन् त्यात उतरणाराच लई टाइम खातो." सातवी शिकलेल्या माणसानं पीएच.डी. केलेल्या बाईला शिकवायला शिकवलं. हे मी तुम्हाला तेव्हा म्हणायला हवं होतं.

आता कामाचं लिहिते. तुमची नात अपेक्षा तीन आठवडे कॉलेजला आलेली नाही. हॉस्टेलवर चौकशी केली तर गावी गेली म्हणतात. मुलगी हुशार आहे, मामा. पहिल्याच दिवशी तास संपल्यावर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, माझे आजोबा याच लॅबमध्ये होते." इतक्या अभिमानानं म्हणाली की मी नुसतीच मान हलवली.

झालं असं की प्रॅक्टिकल चालू असताना फरदीन नावाचा मुलगा शेजारच्याला म्हणाला, "लेबल वाच, नाहीतर कडुबाची बाटली होईल." ही आपल्या लॅबमधली बोलण्याची पद्धत झाली आहे, तुमच्या कानावर आली असेल किंवा नसेल. चुकीच्या बाटलीला असं म्हणतात. अपेक्षानं विचारलं, म्हणजे काय? तर त्यानं मीठमसाला लावून सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीची परीक्षा, क्लोरीनला पांढरा, ब्रोमीनला साय रंगाचा आणि आयोडीनला पिवळा साका पडायला हवा होता, पण नायट्रिक ॲसिडच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक भरलं गेलं, त्यामुळे सगळ्यांच्या नळीत पांढराच साका पडला, आणि तरीही पोरांनी कुणी साय रंगाचा लिहिला, कुणी पिवळा, कारण मामांनी कानात उत्तरं सांगितली होती. वर्ग हसला. तिनं नळी स्टँडला लावली, ॲप्रन काढला आणि ती निघून गेली. मी त्या वेळी फळ्यावर समीकरण लिहीत होते, त्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही, नाहीतर थांबवलं असतं.

पोरंच ती, मामा. त्यांचं काय मनावर घ्यायचं. जुन्या गोष्टी झाल्या, त्या वेळी जे व्हायचं ते होऊन गेलं. तिला समजवा आणि परत पाठवा. हजेरी कमी पडली तर तिला परीक्षेला बसू देणार नाहीत, आणि एक वर्ष गेलं की मुलींना पुन्हा कुणी पाठवत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

कळावे.

आपली,
प्रा. डॉ. हसीना शेख
विभागप्रमुख, रसायनशास्त्र

---

सोयगाव,
२६ ऑगस्ट

हसीना मॅडमला कडुबा दांडगेचा रामराम.

तुमचं पत्र पोळ्याच्या आदल्या दिशी आलं. बैलांच्या गडबडीत तसंच देवळीत ठिवलं. पोळा झाल्यावर वाचलं. मंग परत वाचलं. माझं अक्षर गिचमिड हाय, संबाळून घ्या. मुक्ताचे गुडघे हायेत तसे हायेत. पाऊस बरा हाय. कपाशी बरी हाय.

पोरगी येणार नाय. मी नाय अडवलं. तिचं तिनंच ठरवलं. म्हणती, ज्या लॅबमधी आपल्या आजोबाच्या नावानं हसत्यात तिथं मी डिग्री घेऊन काय करू. इथं गल्लीतल्या लेकरांच्या शिकवण्या घेईन म्हणती. तिला मी समजावलं, पण माझ्या समजावण्यात दम नाय.

आल्या आल्या तिनं मला समोर बसून इचारलं, आजोबा, ती बाटली तुम्ही भरली व्हती का. मी व्हय म्हणलो.

मॅडम, मी त्या सकाळी कुठं व्हतो ते तुम्हाला ठाव हाय. परीक्षा घ्यायला बाहेरगावचे सर येणार व्हते, त्यांना आणायला तुम्हीच मला टेशनावर धाडलं व्हतं. गाडी लेट व्हती. मी फलाटावर नऊ वाजल्यापासून बसून व्हतो. परत आलो तवा बाटल्या भरून मांडून ठिवलेल्या व्हत्या. तुमच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली व्हती बाटलीला.

कानात सांगायचो ते खरं हाय. त्याला मी नाय म्हणत नाय. एक नंबर पांढरं, दोन नंबर साय, तीन नंबर हळद. पोरांची दया यायची म्हणून सांगायचो, सगळ्या लॅबमधी सांगत्यात, तुम्हाला बी ठाव व्हतं. त्याची सजा मला मिळाली ती बराबर हाय. लॅबमधून काढून हॉस्टेलच्या गेटवर बसवलं, तीन वर्स बसलो, तिथनंच रिटायर झालो. त्याचं मला काय नाय. पण बाटलीचं माझं नव्हतं.

चौकशीत तुम्हाला इचारलं, बाटली कुणी भरली. मी तुमच्याकडं बघत व्हतो. तुम्ही म्हणला, बाटल्या भरणं हे अटेंडंटचं काम हाय. ते बी खरंच हाय, कामच व्हतं माझं. मी वाट बघितली, तुम्ही अजून पुढं काय म्हणाल. तुम्ही पाणी पिलं. मंग साहेबांनी लिहून घेतलं.

तवा मी बोललो असतो तर माझा शबुद एकीकडं आन् तुमचा एकीकडं. आन् माझं तोंड तर कानात सांगून आधीच काळं झालेलं. म्हणून बोललो नाय. नंतर वाटलं, आज नाय तर उद्या बाई बोलतील. तुमची अम्मी वारली तवा बी मी मयतीला आलो व्हतो, रोशन गेटला, मागं हुभा व्हतो. तवा वाटलं आता बोलतील.

नातीला व्हय का म्हणलो ते इचाराल. अकरा वर्स व्हय म्हणत आलेला माणूस आता नाय म्हणला तर ती म्हणंल, म्हातारा सुटायला बघतोय. मला चोर म्हणलेलं चालंल, तिनं खोटारडं म्हणलेलं चालायचं नाय.

पत्रात तुम्ही लिहिलंय, बाटलीत भरलं गेलं. कुणी भरलं ते नाय लिहिलं. ह्या येळेला बी वाट बघितली.

राग नाय. पण फोन करू नका.

कडुबा

---

छत्रपती संभाजीनगर,
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

कडुबामामा,

बाटली मी भरली होती.

हे वाक्य तुम्हाला लिहायला मला तुमचं पत्र आल्यापासून बारा दिवस लागले आणि त्याआधी अकरा वर्षं. उतरणाराच लई टाइम खातो, तुम्हीच म्हणायचा.

आता सगळं लिहिते, आणि मधे पाणी प्यायला उठणार नाही.

त्या सकाळी तुम्ही स्टेशनवर होता. अम्मी घाटी रुग्णालयात होती, चौथा दिवस होता, मी रात्रभर तिच्या पायथ्याशी बसून थेट लॅबवर आले होते. पुढच्या टेबलावरची सौम्य नायट्रिकची बाटली तळाला गेली होती. कपाटात तुमचा नियम होता, डावीकडे नायट्रिक, उजवीकडे हायड्रोक्लोरिक, कारण धुरानं लेबलं खाऊन टाकलेली. मी डावीकडची उचलली, पाण्यात मिसळली, टेबलावरची बाटली भरली, आणि वर माझ्या सुवाच्य अक्षरात 'नायट्रिक' लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. मला सर्दी होती, वास आला नाही. डावीकडे त्या दिवशी दुसरीच बाटली का होती, हे मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारणार नाही. लेबल नसलेली बाटली वापरायची नाही, हे मी दर जूनमध्ये पोरांना पहिल्या तासाला घसा फोडून सांगते. मी जागा बघितली, बाटली बघितली नाही. वर मी हे सर्दीचं आणि अम्मीचं लिहिलं तेही खरं तर खोडून टाकायला हवं, पण खोडलं तर तुम्हाला वाटेल आणखी काही लपवलं.

बाहेरून आलेल्या सरांनी नळ्या पाहिल्या तेव्हाच मला कळलं होतं. वीस नळ्या, तीन वेगवेगळी द्रव्यं, आणि सगळीकडे एकसारखं पांढरं. असं एकाच कारणानं होतं. ॲसिडमधूनच क्लोरीन ओतलं की नळीत आधी काहीही असो, पांढरंच पडणार. जे दिसतंय ते पोरांच्या नमुन्यातलं नाही, आपणच ओतलेलं आहे. मी ते मिनिटभरात ओळखलं आणि तोंड बंद ठेवलं. तेवढ्यात पिवळा लिहिलेल्या वह्या सापडल्या, सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे वळलं, आणि मामा, खरं सांगते, मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

चौकशीतलं तुम्ही लिहिलंय ते शब्दाला शब्द बरोबर आहे. मला विचारलं होतं कुणी भरली, आणि मी उत्तर दिलं ते काम कुणाचं आहे याचं. तेव्हा माझं प्रमोशन अडकलेलं होतं. असं काही एक कारण नेहमीच असतं. तुम्ही माझ्याकडे बघत होता, ते मला दिसत होतं. मयतीच्या दिवशी मागे उभे होता, तेही दिसलं होतं. तुम्ही पुढे आला असता तर मी बोलले असते असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिले, म्हणजे तेही तुमच्याच डोक्यावर.

आणि फरदीन बोलला तेव्हा मला सगळं नीट ऐकू आलं होतं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि खडू उगाच फिरवत राहिले. 'कडुबाची बाटली' मी अकरा वर्षं ऐकतेय. एकदोनदा मी हसलेही आहे.

तुमचं पत्र वाचून दोन तारखेला मी प्राचार्यांकडे गेले. ते तुमच्या वेळचे नव्हेत, नवे आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि म्हणाले, "मॅडम, सप्टेंबर तर संपू द्या. आता हे काढून कुणाचं भलं होणार?" समारंभाचे हार सांगून ठेवले आहेत, पाहुणे ठरले आहेत. मी इतकी थकलेली होते की क्षणभर मला त्यांचं पटलं. मग मी घरी आले, एक पानभर जबाब लिहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे न जाता सरळ आवक-जावकच्या खिडकीत दिला. शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे. त्यात लिहिलंय की बाटली मी भरली, कडुबा दांडगे त्या वेळी लॅबमध्ये नव्हते, आणि चौकशीचा निष्कर्ष माझ्या अर्धवट उत्तरावर उभा आहे. तो बदलतील का, मला माहीत नाही. माझ्या निवृत्तीचं काय करतील तेही माहीत नाही. समारंभ बहुधा होणार नाही. खरं सांगू, त्या विचारानं मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

काल बुधवारी सेकंड इयरचं प्रॅक्टिकल होतं. मी तीन मोठ्या नळ्या पुढे मांडल्या. एकीत क्लोरो, दुसरीत ब्रोमो, तिसरीत आयोडो, आणि तशी नावं फळ्यावर लिहिली. तिन्हीत सोडा घालून गरम केलं, थंड केलं, ॲसिड घातलं, मग सिल्व्हर नायट्रेट. आणि म्हटलं, दिसतंय ते लिहा. तिन्ही नळ्यांत पांढरं होतं, कारण मी मुद्दाम हायड्रोक्लोरिक घातलं होतं. वह्या गोळा केल्या. एकोणीस जणांपैकी अकरा जणांनी तिसरीपुढे पिवळा लिहिलं होतं. कुणी कानात सांगितलं नव्हतं, मामा. फळ्यावर आयोडो होतं म्हणून डोळ्यांसमोरचं पांढरं त्यांनी पिवळं केलं. तुमच्या कानात सांगण्यावर आम्ही सगळं ढकललं, पण ही खोड आमच्या शिकवण्यातच आहे.

मग मी त्यांना सांगितलं. तुमच्या त्या स्टुलावर बसून सांगितलं. नाव, तारीख, वार, स्टेशन, बाटली, चौकशी, पाण्याचा ग्लास. शेवटी फरदीननंच विचारलं, "मॅडम, मग इतकी वर्षं तुम्ही बोललात का नाही?"

मी म्हटलं, "आधी भीती. नंतर सवय."

तो म्हणाला, "मैंने तो उस लडकी के सामने ही बोला ना, मॅडम. ती त्यांची नात आहे हे मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, मला माहीत होतं.

सगळे आवरून निघाले तेव्हा सोनिया म्हणून एक मुलगी दारात घुटमळली. ती वर्गात कधी तोंड उघडत नाही. तिनं विचारलं, "मॅडम, मग आता चुकीच्या बाटलीला काय म्हणायचं? शेख मॅडमची बाटली म्हणायचं का?" विचारून स्वतःच घाबरली.

मी म्हटलं, "व्हय. तसंच म्हणायचं."

आज सकाळी जिना चढताना मधल्या वळणावर थांबले होते, तेव्हा वरून फर्स्ट इयरच्या एका पोराला कुणीतरी ओरडलेलं ऐकू आलं, "अबे, लेबल बघ, शेख मॅडमची बाटली करशील." एका दिवसात खालच्या वर्गापर्यंत गेलं. तुमचं नाव पुसायला इतका कमी वेळ लागणार होता, मामा, आणि मी अकरा वर्षं घेतली.

हे पत्र अपेक्षाला द्या. तुम्ही वाचून दाखवू नका, आणि आधी समजावूही नका. शिक्क्याचा कागद आणि हे, दोन्ही तिच्या हातात द्या आणि बाहेर जाऊन बसा. तुम्ही तिला 'व्हय' म्हणालात, तुम्हाला आता 'नाय' म्हणावं लागू नये, म्हणून हे माझ्या अक्षरात आहे. हजेरीचा अर्ज मी भरून ठेवला आहे, तिची सही तेवढी हवी. ती आली तर तिला माझ्याशी बोलायचं बंधन नाही. तीस तारखेनंतर मी तिथं नसेनच. आली नाही तर तेही तिनं ठरवलेलं असेल, पण निदान खरं काय ते कळून ठरवलेलं असेल.

माफ करा असं लिहिणार होते. दोनदा लिहून कागद फाडला. तुम्ही फलाटावर बसून होता, नंतर गेटवर बसून होता, आणि दोन्हीकडे माझ्यामुळे. त्याला ते शब्द पुरत नाहीत, आणि तुम्ही उदारपणे 'जाऊ द्या बाई' म्हणाल या आशेनं लिहिलेलं पत्र पुन्हा तुमच्यावरच ओझं होईल. तेव्हा उत्तर पाठवू नका. फोन मी करणार नाही.

मुक्ताबाईंना सलाम सांगा.

जिची बाटली, ती,
हसीना